विश्लेषण : ६७ कोटींच्या चित्रात आहे तरी काय? वासुदेव गायतोंडे चित्र कशासाठी काढत?

सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या दिल्लीतील लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० मधील एक तैलचित्र ६७.०८ कोटी रुपयांना विकले गेले. चित्राला नाव नाही. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. अशी बातमी आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, यात आहे काय? दुसरा, हे तर कुणीही काढेल, मग इतके पैसे कशाचे? गंमत म्हणजे ज्याने ते चित्र काढले, त्याला या दोन्ही प्रश्नांत रस नव्हता. त्याच्यापुढे प्रश्न एकच होता : चित्र काढायचे म्हणजे नेमके काय करायचे? या प्रश्नासाठी गायतोंडे यांनी जवळपास पन्नास वर्षे दिली. त्यांचे उत्तर काय होते आणि हातातल्या मोबाइलवर काही सेकंदांत चित्र तयार होण्याच्या आजच्या काळात ते उत्तर कितपत टिकते?

गायतोंडे कोण होते?

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरचा. कुटुंब मूळ गोव्याचे. बालपणाचा काही काळ गोव्यात गेला आणि नंतर मुंबईत गिरगावातल्या चाळीत ते वाढले. सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९४८ मध्ये त्यांनी पदविका घेतली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’मध्ये ते १९५० मध्ये सामील झाले. मात्र गटाच्या गजबजाटात ते कधीच फारसे रमले नाहीत.

त्या काळी मुंबईत वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट हे कलावंतांचे एकत्र येण्याचे ठिकाण होते. एका बाजूला पंडित रविशंकर यांचे संगीतवर्ग, दुसऱ्या बाजूला इब्राहिम अल्काझी यांच्या नाटकांच्या तालमी आणि मधल्या खोल्यांत चित्रकारांचे स्टुडिओ. गायतोंडे यांचाही स्टुडिओ तिथेच होता. १९६३ मध्ये अमेरिकी चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज भारतात आले असताना त्यांनी गायतोंडे यांची चित्रे पाहिली आणि न्यूयॉर्कमधील आपल्या गॅलरीला पत्र लिहून या चित्रकाराची तुलना थेट मार्क रॉथ्को यांच्या उत्तम कामाशी केली. पुढच्याच वर्षी रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले.

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि दिल्लीत निजामुद्दीन भागातल्या गच्चीवरच्या एका लहानशा जागेत, म्हणजे दिल्लीकर जिला ‘बरसाती’ म्हणतात अशा खोलीत ते राहू लागले. एकटेच राहत, फारसे कुणाला भेटत नसत. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जाण्यानंतर तेरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. ‘चित्र ही प्रक्रिया, चित्र हेच जगणे’ अशा अर्थाचे नाव त्या प्रदर्शनाला होते. गायतोंडे यांना ओळखणाऱ्यांना ते नाव अगदी नेमके वाटले असणार.

ते चित्र कसे काढत?

सुरुवातीची त्यांची चित्रे आकृतींची होती. जैन आणि बसोहली लघुचित्रांतील सपाट रंग आणि ठळक रेषा त्यांत दिसतात. पुढे स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांच्या कामाचा प्रभाव पडला. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आकृती विरघळत गेल्या आणि उरला तो रंग, प्रकाश आणि पोत.

साठच्या दशकापासून त्यांच्या हातात कुंचल्यापेक्षा रोलर आणि रंग खरवडण्याची सुरी जास्त असे. तैलरंगाचा पातळ थर द्यायचा, तो रोलरने पसरायचा, काही भाग खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून किंवा कापून ओल्या रंगावर ठेवायचे आणि रोलर फिरवून त्यांच्याकरवी रंग उचलायचा किंवा उमटवायचा, ही त्यांची खास पद्धत. चित्रात मध्येच दिसणारे, एखाद्या न वाचता येणाऱ्या लिपीसारखे वाटणारे आकार असे आले आहेत. पाण्याच्या तळाशी काहीतरी पडलेले असावे आणि वरून ते हलत असल्यासारखे दिसावे, तसा भास त्यांच्याकडे पाहताना होतो.

ही रीत वेळखाऊ होती. पण त्यांच्या कामातला खरा वेळ कॅनव्हाससमोर रंग लावण्यात जातच नसे. तो जाई बसून राहण्यात. वर्षाकाठी साधारण पाच-सहा चित्रे, एवढाच त्यांचा वेग. आपण फार काम करत नाही, निवांत बसतो, वाट पाहतो आणि मग थोडा रंग लावतो, अशा अर्थाचे त्यांनी सांगून ठेवले आहे. दोन चित्रांच्या मधले वाट पाहणे हाच चित्रकलेतला सर्वांत महत्त्वाचा भाग, असे ते मानत.

बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटेल. पण ज्यांच्या घरात लोणचे घातले जाते त्यांना ‘मुरणे’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बरणी बंद असते, कुणी काही करत नसते, तरी आत काम चालू असते.

‘अमूर्त’ हा शब्द त्यांना का नको होता?

गायतोंडे यांना सर्रास अमूर्त चित्रकार म्हटले जाते. त्यांना स्वतःला तो शब्द मान्य नव्हता. अमूर्त म्हटले की आधी काहीतरी मूर्त होते आणि चित्रकाराने त्यातून काही काढून टाकले, असा अर्थ निघतो. म्हणजे डोंगर पाहिला, त्याचा तपशील गाळला आणि निळा त्रिकोण उरला. गायतोंडे अशा पद्धतीने काम करतच नव्हते. त्यांच्या चित्रामागे कोणतीही वस्तू किंवा दृश्य नव्हते. त्यामुळे आपले काम ‘वस्तुनिरपेक्ष’ आहे, असे ते सांगत.

हा केवळ शब्दाचा वाद नाही. ‘यात आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर इथेच दडलेले आहे. आपण चित्राकडे कोडे म्हणून पाहतो. हे ढग आहेत का, ही बोट आहे का, हा समुद्र असेल का? ओळखले की सुटलो, अशी ती गत. गायतोंडे यांच्या चित्रात ओळखण्यासारखे काही ठेवलेलेच नाही. त्यांनी नंतरच्या चित्रांना नावेही दिली नाहीत, कारण नाव दिले की पाहणारा चित्र सोडून नावाचा माग काढतो.

संगीताचे उदाहरण घेतले तर हे लवकर समजते. ‘सवाई गंधर्व’च्या मंडपात गायक यमनचा आलाप घेत असतो तेव्हा, ‘या आलापात नेमके काय दाखवले आहे?’ असे शेजारी बसलेल्याला कुणी विचारत नाही. तराण्याच्या बोलांचा अर्थ लागला नाही म्हणून कुणी उठून जात नाही. सूर लागला, हे ऐकणाऱ्याला कळते आणि तेवढे पुरते. अर्थाशिवायचा सूर आपण सहज स्वीकारतो, मात्र वस्तूशिवायचा रंग दिसला की बेचैन होतो. स्वतः गायतोंडे भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही अभिजात संगीताचे मनापासून ऐकणारे होते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे.

मग चित्र काढायचे कशासाठी?

गायतोंडे फार बोलत नसत, लिहीत तर त्याहून कमी. तरी काही मुलाखतींतून त्यांचा विचार हाती लागतो. १९९१ मधील एका मुलाखतीत त्यांनी सारे काही शांततेतून सुरू होते असे सांगितले. कॅनव्हासची शांतता, सुरीची शांतता आणि ती आत घेणारा चित्रकार, असा तो क्रम. झेन विचार त्यांनी वाचला होता. रमण महर्षी आणि मुंबईतल्या खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणीचा प्रभावही अभ्यासक नोंदवतात. पण त्यांची चित्रे धार्मिक नाहीत. त्यांत ना ओंकार आहे, ना बिंदू, ना यंत्राकृती. अध्यात्म त्यांनी चित्राचा विषय केला नाही. चित्र काढण्याच्या रीतीत ते आले असेल, तर आले.

त्यांच्या म्हणण्याचा दुसरा धागा असा, की प्रत्येक चित्र हे पुढच्या चित्राचे बीज असते. एका कॅनव्हासवर चित्र संपत नाही, ते पुढच्यात रुजते आणि बदलत राहते. हे मान्य केले की ‘तुमचे सर्वोत्तम चित्र कोणते?’ या प्रश्नाला फारसा अर्थ राहत नाही. पन्नास वर्षांची सगळी चित्रे मिळून एकच काम चाललेले असते.

याची कसोटी १९८४ मध्ये लागली. दिल्लीत झालेल्या एका अपघातात त्यांना गंभीर दुखापत झाली. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर चालवणे अशक्य झाले. पुढची काही वर्षे मोठी तैलचित्रे थांबली. या काळात त्यांनी कागदावर शाईने छोटी रेखाटने केली. काही रेषा, काही खुणा आणि बाकी कोरा कागद. चित्रे आपण मनात काढतच असतो, असे ते भेटायला येणाऱ्यांना सांगत. नंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत थोडे थोडे काम करत राहिले.

चित्र ही विकायची किंवा टांगायची वस्तू एवढाच अर्थ धरला, तर मनातल्या मनात चित्र काढणे ही निव्वळ समजूत ठरते. पण चित्र म्हणजे लक्ष देण्याची, थांबण्याची आणि पाहण्याची एक सवय असेल, तर ती अपघाताने मोडत नाही. गायतोंडे यांचे उत्तर थोडक्यात मांडायचे तर ते असे : चित्र काढणे ही जगण्याची रीत आहे आणि कॅनव्हास ही तिची मागे राहिलेली खूण.

सगळेच चित्रकार असे मानतात का?

नाही. आणि त्यामुळेच हा प्रश्न शिळा होत नाही.

गायतोंडे यांच्यानंतरच्या पिढीतले प्रभाकर बरवे यांचे उदाहरण घेऊ. अलिबागजवळच्या नागाव इथे १९३६ मध्ये त्यांचा जन्म झाला, १९९५ मध्ये निधन. चित्रकाराने मराठीत चित्राविषयी केलेल्या मोजक्या सखोल लेखनात त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० मधील पुस्तकाचे नाव आधी घेतले जाते. त्यांनी वर्षानुवर्षे रोजनिशीही लिहिली. बरवे यांनी वस्तू सोडली नाही. घड्याळ, पान, किल्ली, फळ अशा रोजच्या गोष्टी त्यांच्या चित्रांत एनॅमल रंगात येतात, पण नेहमीच्या जागी नसतात. मोकळ्या अवकाशात त्या सुट्या तरंगतात. नेहमीची वस्तू नेहमीच्या जागेवरून उचलली की ती पहिल्यांदाच पाहिल्यासारखी दिसते. त्यांच्यासाठी चित्र काढणे हे विचार करण्याचे साधन होते. गायतोंडे जिथे बोलणे थांबवतात, तिथे बरवे प्रश्न विचारायला बसतात.

तिसरे उत्तर डहाणू-तलासरी भागातल्या वारली पाड्यांवर सापडते. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. तो लिहिण्याचा मान सवाष्णींचा. मधोमध पालघट देवी असते. चौक असल्याशिवाय लग्न लागत नाही आणि लग्न पार पडले की चौकाचे काम संपते. पुढे तो धुरकटतो, झडतो, भिंत पुन्हा सारवली जाते. इथे चित्राखाली सही नाही आणि जतन करण्याची धडपडही नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात लग्नाच्या निमित्ताशिवाय रोज चित्रे काढायला सुरुवात केली आणि ही कला कागदावर, कापडावर आणि पुढे जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. विधी म्हणून लिहिलेला चौक आणि विक्रीसाठी काढलेले चित्र, दोन्ही वारलीच. पण ‘का काढले?’ याची उत्तरे वेगळी.

दारापुढच्या रांगोळीचेही असेच. सकाळी काढलेली रांगोळी दुपारपर्यंत पायाखाली विस्कटते, हे काढणारीला ठाऊक असते. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसते. तिला कुणी कलावंत म्हणत नाही, तीही स्वतःला म्हणवून घेत नाही.

आणखी मागे गेलो तर कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरची कातळशिल्पे आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली ही ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभे राहून हे चित्र एका नजरेत पूर्ण दिसत नाही. आज आपण ते ड्रोनमधून पाहतो. कोरणाऱ्यांकडे ती सोय नव्हती. म्हणजे ज्यांनी ते केले, त्यांनाही आपले चित्र पूर्ण पाहता आले नसावे. तरी त्यांनी ते कोरले.

आणि पोटासाठी चित्र काढणाऱ्यांचे काय?

गायतोंडे यांचे उत्तर ऐकायला उदात्त वाटते, पण त्यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. वाट पाहणे परवडायला हवे. घरभाडे, मुलांची फी आणि रंगांच्या ट्यूबांचे भाव वाट पाहत नाहीत. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात एकेकाळी पाट्या रंगवणारे पेंटर होते. दुकानाची पाटी, ट्रकच्या मागची अक्षरे, निवडणुकीच्या भिंती, शाळेच्या आवारातले सुविचार, सारे त्यांच्या हातचे. अक्षराचे वळण पाहून ‘हे अमक्या पेंटरचे काम’ असे गावात ओळखले जाई. फ्लेक्स आला आणि ही माणसे बघता बघता बाजूला पडली. त्यांना ‘चित्र का काढता?’ असे विचारले असते तर ‘पोटासाठी’ असे सरळ उत्तर मिळाले असते आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता.

गायतोंडे यांनाही हे व्यवहार चुकले नव्हते. त्यांची चित्रे मुंबईच्या गॅलऱ्यांमधून विकली जात आणि त्यावरच त्यांची गुजराण चाले. विकण्याला त्यांचा विरोध नव्हता. फरक इतकाच, की विकले जाईल म्हणून त्यांनी चित्रांची संख्या वाढवली नाही आणि चालते तेच पुन्हा काढत बसले नाहीत. त्यासाठी त्यांनी गरजा कमी ठेवल्या. एक लहान जागा, पुस्तके, संगीत, मोजकी माणसे. ही किंमत प्रत्येकाला मोजता येईल किंवा प्रत्येकाने मोजावी, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती त्यांनी मोजली, एवढेच.

मग ६७ कोटी कशाचे?

लिलावातली किंमत चित्राची गुणवत्ता मोजत नाही. एकच वस्तू निदान दोन जणांना हवी असते आणि शेवटी त्यातला एक जण थांबतो, त्या आकड्यावर ती ठरते. गायतोंडे यांच्याबाबतीत काही कारणे स्पष्ट आहेत. एक, चित्रे मुळातच कमी. बरीच संग्रहालये आणि संस्थांकडे असल्याने बाजारात आणखी कमी येतात. दोन, गुगनहाइममधील प्रदर्शनाने त्यांच्या कामावर जागतिक शिक्का बसला. तीन, चित्राची मालकी कुणाकुणाकडे होती याचा स्वच्छ इतिहास असला की खरेदीदार निर्धास्त असतो. चार, भारतीय आधुनिक कलेला देशातूनच मोठे खरेदीदार मिळू लागले.

चढती कमान पाहण्यासारखी आहे. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीज या लिलावसंस्थेच्या मुंबईतील पहिल्या लिलावात त्यांचे चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. २०२१ मध्ये आकडा ३९.९८ कोटींवर पोहोचला, २०२२ मध्ये ४२ कोटींवर आणि २०२५ मध्ये ६७.०८ कोटींवर. या रकमांत लिलावसंस्थेचे शुल्कही धरलेले असते.

यातले चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना काय मिळते? भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३ अ मध्ये याची तरतूद आहे. मूळ चित्राची पुनर्विक्री १० हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या कायदेशीर वारसांना त्यात वाटा मागण्याचा हक्क आहे. हा वाटा १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि हक्क कॉपीराइटच्या मुदतीपर्यंत, म्हणजे मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. मात्र नेमका वाटा किती, हे कायद्याने ठरवून दिलेले नाही आणि व्यवहारात या कलमाचा वापर फारसा दिसत नाही. त्यामुळे एका हातातून दुसऱ्या हातात जाताना चित्राची किंमत कितीही पटींनी वाढली, तरी तो पैसा बहुतेक वेळा विकणाऱ्याचा असतो. चित्रकाराच्या खोलीचा आणि लिलावाच्या सभागृहाचा संबंध एवढाच.

मोबाइल काही सेकंदांत चित्र देतो, मग माणसाने का काढायचे?

मार्च २०२५ मध्ये आपापले फोटो जपानी ‘घिबली’ शैलीत बदलून घेण्याची लाट आली होती. अनेकांनी घरच्यांचे, लग्नाचे, अगदी गणपतीसमोरचे फोटोही तसे करून घेतले. ज्या शैलीसाठी हायाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताने हजारो चित्रे काढत आयुष्य घालवले, ती एका सूचनेवर मिळू लागली. इथे चित्रकारांच्या हक्काचा प्रश्न आहे आणि रोजीरोटीचाही. पाट्या रंगवणाऱ्यांवर फ्लेक्समुळे जी वेळ आली, तीच जाहिराती आणि मुखपृष्ठे करणाऱ्यांवर येऊ शकते. तो धोका खरा आहे. ‘कला अमर असते’ असे म्हणून तो टळणार नाही.

पण ‘मग माणसाने चित्र का काढायचे?’ हा प्रश्न वेगळा आहे. चित्र म्हणजे शेवटी हाती येणारी प्रतिमा, असे मानले तर यंत्राशी स्पर्धा आधीच हरल्यासारखी आहे. ते जास्त वेगाने, जास्त संख्येने आणि थकल्याशिवाय काम करते. चित्र म्हणजे काढताना माणसाचे जे होते ते, असे मानले तर मात्र स्पर्धाच उरत नाही. यंत्राला दोन चित्रांच्या मध्ये वाट पाहावी लागत नाही, कारण त्याला कशाची वाट पाहायचीच नसते. चालायला गेलेल्या माणसाला ‘रिक्षा लवकर पोहोचवते’ असे सांगून उपयोग नसतो. त्याला कुठे पोहोचायचेच नसते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी आपल्यापैकी अनेकांनी एकेकाळी मातीचा माठ आणि त्याशेजारची दोन वांगी काढली आहेत. ते चित्र आज कुठे असेल कुणास ठाऊक. पण वांग्याच्या जांभळ्या रंगावर उजेडाचा पांढरा ठिपका नेमका कुठे पडतो, हे ज्याने तासभर बसून पाहिले, त्याला तो ठिपका नंतर मंडईतही दिसत राहतो. परीक्षेच्या गुणांपलीकडे हाती लागले ते एवढेच आणि तेवढे पुष्कळ होते.

‘हे तर माझे मूलही काढेल’ याला उत्तर काय?

मूल काढू शकेल. पहिले चित्र कदाचित छानच काढेल. लहान मुलांच्या चित्रांतला मोकळेपणा पॉल क्ले यांच्यासारख्या चित्रकारांना मोलाचा वाटला होता. पण मुलाचे चित्र झाले की ते खेळायला पळते. गायतोंडे यांच्या चित्रात कोणता थर ठेवायचा, कोणता खरवडायचा आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचे, हे प्रत्येक वेळी ठरवलेले आहे. आकार योगायोगाने उमटला तरी तो ठेवायचा की नाही, हा निर्णय योगायोगाचा नसतो. पडद्यावरच्या छोट्या फोटोत हे थर दिसत नाहीत, सपाट रंग तेवढा दिसतो. म्हणूनच मोबाइलवर पाहून ‘यात काय आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे.

अशी चित्रे पाहायची कशी आणि कुठे?

मुंबईत गायतोंडे यांची चित्रे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात आहेत. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडेही त्यांचे काम आहे. संग्रहातली सगळी चित्रे एका वेळी भिंतीवर नसतात, त्यामुळे जाण्यापूर्वी सध्या काय मांडले आहे याची चौकशी करावी. मराठी वाचकांसाठी ‘चिन्ह’ने सतीश नाईक यांच्या संपादनात २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गायतोंडे’ हा ग्रंथ आहे. बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ आहेच.

पाहताना तयारी फारशी लागत नाही. आधी चार पावले मागे उभे राहावे, मग जवळ जावे, पुन्हा मागे यावे. पहिल्या मिनिटाला हा एक पिवळा किंवा राखाडी कॅनव्हास आहे, इतकेच वाटते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्या एका रंगात चार रंग दिसू लागतात, खालचा थर वर येतो, एखादी खूण पुढे सरकल्यासारखी वाटते. काहीच झाले नाही, तर तेही ठीक. पुढच्या दालनात जावे.

ज्यांना पाहण्यापेक्षा करून बघायचे असेल, त्यांच्यासाठी कागद आणि शिसपेन्सिल पुरेशी आहे. समोरचा चहाचा कप काढावा. तो वाकडा येईल. पण कान कपाला नेमका कुठे जोडलेला असतो, हे रोज त्याच कपातून चहा पिऊनही आपण कधी पाहिले नव्हते, हे तेवढ्यात लक्षात येईल.